अनुमोदन

आमच्या लघुउद्योजक संघटनेच्या मासिक सभेत पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. सचिव वाचतात, बाकीचे मोबाइल बघतात. "कुणाची हरकत?" असं विचारून क्षणभर थांबायचं आणि पुढं जायचं. वाळूजमध्ये आमचं लेथचं वर्कशॉप आहे, ते मी चालवते आणि संघटनेचे उपक्रम सांभाळते. रक्तदान शिबिर, कोजागरी, म्हैसमाळची सहल, बजाजनगरच्या अंधाऱ्या रस्त्यावर दिवे लावावेत म्हणून निवेदन, अशी कामं लिहून काढायची आणि झाली की खूण करायची, ही माझी पद्धत. एक काम मात्र माझ्या आधीपासून राहिलेलं आहे. ते माझ्या वडिलांचं, आप्पांचं.

आप्पा संघटनेत आले तेव्हा वाळूजला एमआयडीसी नव्हती, शेतं होती. रेल्वे स्टेशनजवळच्या वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये त्यांनी एक जुना लेथ टाकला होता. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंगचं काम करणारे चाचा. दोघांचा डबा एकत्र, चहा एकत्र, संघटनेच्या सभेला जायची लुना एक. आमच्या समाजातला संघटनेचा पहिला सभासद आप्पाच. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण सभेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचे. रस्ता हवा, सिटी बस हवी, पाणी हवं, असली निवेदनं घेऊन शिष्टमंडळ निघालं की आप्पा त्यात असायचेच.

सचिव होते गुलमंडीतले शेटजी. हार्डवेअरचं दुकान, पांढरी टोपी, सुंदर अक्षर. भला माणूस, आणि नियमांचा पक्का.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मुंबईत झाला आणि इकडं खेड्यांत आमच्या वस्त्या पेटवल्या. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आजोबा गावी एकटेच राहायचे. शहरात या म्हटलं की आप्पांना म्हणायचे, "तुझ्या त्या टिनाच्या डब्यात मला झोप लागंना." घर पेटलं तेव्हा ते बाहेर आले होते. दाव्याला बांधलेली शेळी सोडायला परत आत गेले. शेळी वाचली. आजोबांच्या छातीत धूर भरला. त्यांना घाटीत, शहरातल्या सरकारी दवाखान्यात, आणलं आणि काही दिवसांनी ते तिथंच गेले. शेवटी त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. शेटजी दोनदा थर्मास भरून चहा घेऊन दवाखान्यात आले होते, हे आई नेहमी आठवणीनं सांगायची.

पुढच्या सभेत शोकप्रस्ताव आला. सभासदाच्या घरी कुणी वारलं की सगळ्यांनी उभं राहायचं, सचिवांनी चार ओळी वाचायच्या, दोन मिनिटं शांतता. शेटजींच्या चार ओळी वर्षानुवर्षं त्याच होत्या, फक्त नातं बदलायचं. त्यांनी वाचलं, "आपले सभासद यांच्या तीर्थरूपांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले." सगळे उभे राहिले, शांतता झाली, सगळे बसले. आप्पा उभेच राहिले. चाचांनी शर्टाला धरून त्यांना खाली बसवलं.

महिना गेला. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून झालं, शेटजींनी विचारलं, "कुणाची हरकत?" आणि आप्पांनी हात वर केला. पुढचं मी चाचांकडून अनेकदा ऐकलं आहे, त्यामुळं मला ते पाहिल्यासारखं वाटतं.

"अल्पशा आजारानं, हे तेवढं काढा," आप्पा म्हणाले.

"अहो, घाटीत गेले ना ते? मग आजारच की," शेटजी म्हणाले.

"धूर व्हता छातीत. धूर म्हंजे आजार नाय."

"ते खरंय. पण धूर लिहिला की कसला धूर ते लिहावं लागतं. मग कुणी लावला ते. संघटनेत राजकारण आणायचं नाही, हे तुम्हीच मागच्या वर्षी बोलला होता."

"मी धूर लिवा म्हनत नाय, शेटजी. काय बी लिवू नका. वारले म्हना. पर हे लिवू नका."

मागून कुणीतरी म्हणालं, "चला पुढं, रस्त्याचा विषय राहिलाय." आणखी कुणी हळूच म्हणालं, "ह्यांचं आता रोजचंच होणार."

शेटजींनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही ते नकोसं झालं असणार. पण नियम म्हणजे नियम. "दुरुस्ती सुचवलीय. अनुमोदक कोण?"

कुणाचाच हात वर गेला नाही. आप्पांनी मागं वळून पाहिलं नाही. चाचा शेजारीच बसले होते.

"अनुमोदक नाही. इतिवृत्त कायम," शेटजी म्हणाले आणि रस्त्याचा विषय घेतला.

त्या रात्री दोघं एकाच लुनावर परत आले. दुसऱ्या दिवशी चाचा डबा घेऊन आप्पांच्या शेडमध्ये आले नाहीत. आप्पाच आपला डबा घेऊन त्यांच्याकडं गेले. चाचा म्हणाले, "हात उठाच नै, भाई. सब मेरेकूच देख रै थे. मेरा हात मेरेकूच भारी हो गया था." आप्पांनी डब्यातली भाजी त्यांच्या भाकरीवर घातली. एवढंच. त्यावर दोघं पुन्हा बोलले नाहीत.

आईला वाटलं, आता हे संघटना सोडतील. आप्पांनी सोडली नाही. सभेला जातच राहिले, फक्त बसायची जागा बदलून दाराजवळ घेतली. आणि एक नवीन सवय लागली. कुणीही काहीही सुचवलं आणि अनुमोदकासाठी सभा थांबली, की आप्पांचा हात वर. सूचना पटो न पटो. कुणी म्हणालं, ऑफिसला गुलाबी रंग द्या, आप्पांचं अनुमोदन. कुणी म्हणालं, सहल म्हैसमाळऐवजी थेट काश्मीरला न्या, आप्पांचं अनुमोदन. ज्या माणसानं "रोजचंच होणार" म्हटलं होतं, त्याच्या सूचनेलाही. सभेत ती थट्टाच होऊन बसली. "सुचवा बिनधास्त, अनुमोदक दाराशी बसलेत." आप्पाही हसायचे.

एकदा मी चिडून विचारलं, "पटत नाही तरी हात का वर करता?"

"मतदानाला पाडतो की नंतर," ते म्हणाले. "पर मानूस उभा राह्यला की त्याला एकटं नाय ठेवायचं."

वाळूज उभं राहिलं, आप्पांनी तिथं प्लॉट घेतला, पुंडलिकनगरात घर बांधलं. विद्यापीठाला नाव मिळालं त्या दिवशी त्यांनी घरी पेढे आणले. एक पेढा आजोबांच्या फोटोपुढं ठेवला आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. शेटजी त्याआधीच वारले होते. त्यांच्या शोकसभेत चार ओळी त्यांच्याच अक्षरातल्या जुन्या मसुद्यावरून वाचल्या गेल्या. आप्पा पहिल्या रांगेत उभे होते.

गेल्या हिवाळ्यात आप्पांना ताप आला, न्यूमोनिया झाला आणि आठवडाही न काढता ते गेले. आताचे सचिव तरुण आहेत, मला ताई म्हणतात. त्यांनी फोनवर मसुदा वाचून दाखवला. "अल्पशा आजाराने दुःखद निधन. बरोबर आहे ना, ताई?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. खरंच बरोबर होतं. त्यात खोडायला मला काही सापडलं नाही, आणि फोन ठेवल्यावर मला रडू आवरेना.

सभेला चाचा आले. आता काठी लागते, ऐकू कमी येतं, सभासदत्व मुलाच्या नावावर आहे. प्रस्ताव वाचला गेला, शांतता झाली, खुर्च्या वाजल्या, सगळे बसले. चाचा उभेच. मला वाटलं, त्यांना शांतता संपल्याचं कळलं नाही. मी उठणार एवढ्यात त्यांनी हात वर केला, पार डोक्याच्या वर, आणि मोठ्यानं म्हणाले, "अनुमोदन."

सचिव अदबीनं म्हणाले, "चाचा, शोकप्रस्तावाला अनुमोदन नसतं. तो एकमतानंच होतो."

"मालूम है," चाचा म्हणाले. "ये उसकू नै. वो पुरानेकू."

"बरं बरं," सचिव म्हणाले. कुणीतरी चाचांना पाण्याची बाटली दिली. पुढचा विषय कचरा उचलण्याचा होता.

मी त्यांना गाडीतून घरी सोडलं. उतरताना दार धरून विचारलं त्यांनी, "लिखे क्या उनो?"

लिहिलं नव्हतं. सचिवांच्या वहीकडं माझं लक्ष होतं. आणि लिहिणार तरी कशावर? संघटनेचं ऑफिस कितीदा तरी हललं, शेटजींच्या वह्या आता कुठंच नाहीत. ज्या ओळीवर हरकत होती, ती ओळही उरलेली नाही.

"लिहिते, चाचा," मी म्हणाले.

आजोबा आजारानं गेले नाहीत. त्यांचं घर पेटवलं होतं. आप्पांनी दुरुस्ती सुचवली होती, आणि चाचांनी तिला अनुमोदन दिलं आहे.