मागची भिंत

किल्ली समोर दिसली की कुणीही धावत जाऊन ती उचलतो. आमच्या वहिनी मात्र किल्लीकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि आधी मागची भिंत बघायच्या. चांगली दोन-तीन मिनिटं. शत्रू मेलेले असायचे, रस्ता मोकळा असायचा, शेजारच्या खुर्चीवर मी चुळबुळत असायचो आणि वहिनी त्या करड्या, ठोकळ्याठोकळ्यांच्या भिंतीवरून सावकाश नजर फिरवत असायच्या. "एवढी लांब भिंत, सगळीकडं डाग, आन् मधीच दोन हात जागा कोरी. कशाला?" मग वहिनी त्या कोऱ्या जागेवर बंदूक रोखायच्या आणि उलट्या पावलांनी मागे सरकत किल्ली उचलायच्या. तो कोरा तुकडा वर सरकायचा, आतून चार शिंगवाले राक्षस बाहेर पडायचे, आणि वहिनी म्हणायच्या, "या. बसा."

कॉलेजच्या दिवसांत सायबर कॅफेत बसून ज्यांनी हे जुने बंदुकीचे गेम खेळलेत, त्यांना ही भिंत चांगली आठवत असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. स्क्रीनच्या खालच्या बाजूला बंदूक धरलेले हात दिसतात आणि उरलेलं सगळं आपल्याच डोळ्यांनी बघितल्यासारखं दिसतं. अंधाऱ्या खोल्या, दारं, रंगीत किल्ल्या. समोरून येणाऱ्या शत्रूंचा फारसा त्रास नसतो. जीव खातात ते लपवलेले सापळे. छत खाली येतं, फरशी आम्लात बुडते, भिंत उघडते. हे गेम आता तीस वर्षांचे झाले, पण जगभरातले हौशी लोक अजूनही त्यांच्यासाठी लेव्हल बनवतात आणि फुकट वाटतात. मी घरी बसून यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करतो. संध्याकाळी काम संपलं की तासभर हा माझा विरंगुळा.

वहिनी करमाडच्या. माहेरी शेती. त्यातली थोडी कारखान्यांसाठी गेली तेव्हा त्यांचे भाऊ कंपनीत लागले, आणि वहिनी दादाशी लग्न होऊन आमच्या गारखेड्याच्या घरी आल्या. बारा वर्षांत त्यांनी माझ्या कॉम्प्युटरला हात लावला तो फक्त धूळ पुसायला. मग तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमची गल्ली पाइपलाइनसाठी खणली गेली. चरावर कुणीतरी प्लायवूडचा एक तुकडा टाकला होता. त्यावरून सगळे जात-येत होते. वहिनी भाजीची पिशवी घेऊन आल्या, त्यांनी पाय ठेवला आणि तो तुकडा मधोमध मोडला. मांडीचं हाड तुटलं. आत रॉड घालावा लागला.

जिना चढणं शक्य नव्हतं. खाली एकच खोली, ती माझी. माझ्या टेबलाच्या मागे त्यांची खाट लागली. दादा शेंद्र्याच्या कारखान्यात ड्यूटीवर गेला की घरात आम्ही दोघंच. वहिनींना बघायला दोनच गोष्टी होत्या, छत किंवा माझा स्क्रीन.

पाच दिवस त्या नुसत्या बघत होत्या. सहाव्या दिवशी मी एकाच खोलीत लागोपाठ नऊ वेळा मेलो आणि माउस टेबलावर आपटला. मागून आवाज आला, "भाऊजी, एक बोलू का?"

"बोला ना."

"तुम्ही दरवेळी ते औषधाचे डबे घ्यायला पळता. सुनसान जागी कुणी एवढं औषध मांडून ठेवलंय, म्हंजे पुढं मार हाय. आपल्याला कोण लागून गेलंय तिथं, फुकट औषध द्यायला?"

मी डबे सोडून भिंतीकडेने गेलो. छत खाली आलं नाही. त्या दिवसापासून खाटेचं तोंड स्क्रीनकडे झालं, आणि बसता यायला लागल्यावर माउस वहिनींच्या हातात गेला.

त्यांचा नेम यथातथाच होता. पहिले काही दिवस गोळी लागून शत्रू पडला की त्या "अगं बाई" म्हणायच्या. पण त्यांना नेमात रस नव्हताच. मी मेलो की विचारायचो, यातून सुटायचं कसं. त्या मेल्या की विचारायच्या, "मला फसवलं कसं?" आणि दुसऱ्यांदा मुद्दाम मरायच्या, नीट बघायला. एका जुन्या डायरीत त्यांनी सापळ्यांची यादी केली होती आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं. सगळं हवं ते मांडून ठेवलेली, पण मधोमध गेलं की चहूबाजूंनी धरणारी ती 'जावईखोली'. ढकललं की लगेच उघडणारं आणि आत गेल्यावर आवाज न करता कायमचं बंद होणारं ते 'सासरचं दार'. हे नाव त्या सांगत होत्या तेव्हा दादा समोरच जेवत होता. त्याने मान वर केली नाही.

"चिडलं की माणूस परत तेच करतंय," हे त्या मला रोज ऐकवायच्या. आणि दुसरं म्हणजे, "खूण ठेवून फसवलं तर तो खेळ. खूण न ठेवता फसवलं तर बदमाशी." चांगला सापळा लावणारा माणूस कुठेतरी काहीतरी दाखवून ठेवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. वेगळ्या रंगाची वीट, एकच विझलेला दिवा, फरशीवरची रेघ. आपण बघत नाही, हा आपला दोष.

मग आम्हाला ती निळ्या किल्लीची लेव्हल सापडली. पंचवीसेक वर्षांपूर्वी परदेशातल्या कुणीतरी बनवलेली. फार सुंदर होती. प्रत्येक सापळ्यापाशी बारीकशी खूण, आणि ती अशी की फसल्यावर हसू यावं. वहिनी खूश होत्या. "लई सरळ माणूस हाय हा," म्हणायच्या. शेवटी एका लांब दालनात निळी किल्ली होती. ती उचलली की फरशी खाली जायची, चारही बाजूंना उंच भिंती, आणि खाली हिरवं आम्ल. वर यायला काही नाही. वहिनी त्याला तेजाब म्हणायच्या. त्या तेजाबात त्या अकरा दिवस मरत होत्या.

त्यांनी भिंतीची एकेक वीट दाबून बघितली. दिव्यांची उंची मोजली. किल्ली उचलायच्या आधी गोळ्या झाडल्या, उचलल्यावर झाडल्या. मी इंटरनेटवर शोधलं, तर सगळे त्या माणसाला शिव्या घालत होते आणि भिंतीतून आरपार जाण्याचा कोड वापरून पुढे गेले होते. मीही तेच सुचवलं.

"भिंतीतूनच जायचं तर खेळायचं कशाला?"

"वहिनी, त्याने खूण ठेवलेलीच नाही. बदमाश आहे तो."

"नाय." त्यांचा आवाज एकदम चढला. "एवढ्या ठिकाणी ज्यानं खूण ठेवली, तो इथंच का ठेवणार नाय? आपल्याला दिसंना, एवढंच."

त्याच सुमाराला डॉक्टरांनी त्यांना वॉकर घेऊन बाहेर चालायला सांगितलं होतं. घरात त्या चालायच्या. अंगणात यायच्या. फाटकापाशी आल्या की परत फिरायच्या. चर कधीच बुजला होता, वर सिमेंट झालं होतं. दादाने समजावलं, मग तो चिडला. "हाड जुळलंय, डॉक्टर म्हणतात. मग आता काय राहिलंय?" दादा कामावर गेल्यावर वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी त्या दिवशी नीट बघून पाय ठेवला होता, भाऊजी. मी बघत नाय असं नाय. तिथं कायबी खूण नव्हती."

अकरा दिवस त्या काय शोधत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. लेव्हलसोबतच्या फाइलमध्ये दिलेला त्या माणसाचा इमेल केव्हाच बंद पडला होता, पण हौशी मंडळींच्या चर्चापानावर विचारल्यावर कुणीतरी नवा दिला. वहिनींनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं. "नमस्कार. मी तुमच्या निळ्या किल्लीच्या खड्ड्यात अकरा दिवस आहे. बाकी तुमचं काम फार आवडलं. वर यायची खूण कुठे आहे ते सांगू नका. ठेवली आहे की नाही, एवढंच सांगा." खाली नाव घालू का विचारलं तर म्हणाल्या, "करमाडकरीण, असं घाला."

तीन आठवडे काही आलं नाही. वहिनी विचारायच्या नाहीत, फक्त सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला की वॉकर टेकून मागे उभ्या राहायच्या. मग एके दिवशी उत्तर आलं. मी मोठ्याने मराठी करत वाचत गेलो.

तो माणूस आता चाळिशी ओलांडून गेला होता आणि एका थंड प्रदेशात शाळेची बस चालवत होता. ती लेव्हल त्याने शाळेत असताना बनवली होती. आमचं पत्र वाचून त्याने कित्येक वर्षांनी ती उघडली. खूण होती, त्याने लिहिलं होतं. एक वेगळी वीट आणि मागे खटका. पण लेव्हल वाटण्याच्या आधी त्याला दालन फार मोठं वाटलं, म्हणून त्याने भिंत पुढे आणली आणि खटका पुढे आणायला विसरला. खूण भिंतीच्या आत राहिली. लोकांनी शिव्या दिल्या तेव्हा त्याला वाटलं होतं, हे नीट बघत नाहीत. "मी पंचवीस वर्षं लोकांना त्या खड्ड्यात ठेवलं आणि वर त्यांनाच दोष दिला," असं लिहून त्याने माफी मागितली होती. सोबत दुरुस्त केलेली लेव्हल होती.

वहिनी खाटेवर बसल्या. "परत वाचा," म्हणाल्या. मी परत वाचलं.

"म्हंजे मी नीट बघितलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन् त्यानंबी फसवलं नव्हतं."

"नाही. विसरला तो."

त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "चपला कुठं ठेवल्यात माझ्या?"

मी वॉकर पुढे केला. फाटकाशी त्या थांबल्या. मला वाटलं परत फिरतील. पण त्यांनी फाटक ढकललं आणि सरळ समोरच्या काकूंच्या दारात जाऊन बेल वाजवली. काकू एकट्या राहतात, सत्तरीच्या पुढच्या. यजमान कोर्टात कारकून होते.

"काकू," वहिनींनी दारातच विचारलं, "ते प्लायवूड कुणी टाकलं होतं, तुम्हाला ठाऊक हाय का? तुमची खिडकी समोरच."

काकूंनी दाराची कडी घट्ट धरली. "मीच टाकलं होतं गं. जुन्या कपाटाचं दार होतं. मला मेलीला चर ओलांडून देवळात जाता येईना. भिजून कुजेल हे डोक्यातच आलं नाही."

मला वाटलं, आता वहिनी पत्रातल्या माणसाला केलं तसं यांनाही माफ करतील. तसं काही झालं नाही. वहिनींचा चेहरा लाल झाला. "तो माणूस साता समुद्रापल्याडचा. विचारल्याबरोबर कबूल झाला. तुम्ही चार महिने पडदा लावून बसलात. एकदा तरी यायचं होतं, काकू. मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

"भीती वाटली गं," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या. वहिनी वळल्या आणि परत आल्या. गल्ली ओलांडताना मी पुढे होतो, त्या वॉकर टेकत मागून येत होत्या. तिथेच तो चर होता हे त्यांना आठवलं की नाही कुणास ठाऊक, त्या रागात होत्या. पुढे महिना-दीड महिना दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण दुसऱ्या दिवसापासून वहिनी रोज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ लागल्या. आणि संक्रांतीला काकू वाण द्यायला आल्या, तेव्हा वहिनींनी त्यांना दोन तास सोडलं नाही. काकूंना जावईखोली दाखवली. काकू तिथे मेल्या, आणि फार हसल्या.

दुरुस्त केलेली लेव्हल वहिनींनी एका बैठकीत संपवली. निळ्या किल्लीने उघडणाऱ्या दाराच्या पलीकडे एक लहानशी रिकामी खोली होती आणि बाहेर जायचं बटण. "एवढंच?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "पोरगं होतं शाळेतलं. आणखी काय ठेवणार?"

दीड वर्षापूर्वी दादाची बदली पुण्याकडच्या कारखान्यात झाली. सामान गेलं, खाट गेली, डायरीही त्या घेऊन गेल्या. घरात मी एकटा उरलो. पहिले काही आठवडे मी गेम उघडलाच नाही. मग एका संध्याकाळी वाटलं, दुसऱ्यांच्या खोल्यांतून आपण पुष्कळ फिरलो, एक आपणच बांधून बघू. सात महिने लागले. मी रोज कितीतरी सरळ रेषा मारतो, पण भिंत बांधताना 'ही कुणासाठी' हा विचार पहिल्यांदाच केला. माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होतं. त्या कुठे थांबतील, कशाचा संशय घेतील, कुठे हसतील, हे मला पाठ होतं. सगळे साधे सापळे त्या ओळखणार हे धरून मी एक असा लावला, जो फक्त सावध माणसालाच लागेल. जो धावत किल्ली उचलेल तो वाचेल. जो मागे वळून भिंत निरखत उभा राहील, त्याच्या पायाखालची फरशी जाईल. खूणही ठेवली, अगदी नाकासमोर.

लेव्हल पाठवली त्या रविवारी दुपारी फोन आला.

"भाऊजी, मेले!" वहिनी ओरडत होत्या. मागून दादाचा घाबरलेला आवाज आला, काय झालं, काय झालं. "अहो, मेले मी! उभ्या उभ्या मेले!" हसता हसता त्यांना धाप लागली होती. इतका आनंद मी त्यांच्या आवाजात लेव्हल जिंकल्यावरही कधी ऐकला नव्हता.

"कुठे?" मी अगदी साळसूदपणे विचारलं.

"थांबा, बघते," त्या म्हणाल्या, आणि माझं पुढचं काही न ऐकता फोन ठेवून दिला.