न पिणाऱ्या भावाची दारू मी सोडवली

धाकट्या भावाची दारू मी सोडवली. तो पीत नव्हता, एवढी किरकोळ अडचण सोडली तर काम चोख झालं होतं.

मी मुरबाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. राहतो टोकावड्याच्या पुढच्या आमच्या गावात. गावात शिक्षक असला की त्याला कसला तरी अध्यक्ष करतातच. मला व्यसनमुक्ती समितीचा केलं. भाऊ वायरमन. शेतातल्या मोटारी दुरुस्त करणारा, कमी बोलणारा माणूस. एका वर्षी तो बांधावरून चालताना डुलायला लागला. शब्द तोंडात रेंगाळायचे. डाव्या डोळ्यापुढं धुरकट दिसतं म्हणायचा. उन्हात हे सगळं वाढायचं, आणि दुपारी डुलणाऱ्या माणसाबद्दल आमच्याकडे एकच निदान आहे.

"दादा, मी नाय पीत रे. आईशप्पथ."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो. ते खरंही होतं. न पिणाऱ्यानं वेगळं काय म्हणावं, याचा नमुना समितीकडे नव्हता. त्याला हवं होतं ते इतकंच की घरातल्या कुणीतरी म्हणावं, हा खरं बोलतो. मी त्याऐवजी त्याच्या बायकोला रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाचा वास घ्यायला सांगितलं.

"दादा, घेतला वास," ती बिचारी सांगायची. "आज मेथीचा येतो."

"लपवायला खातो तो मेथी," मी सांगितलं. वैज्ञानिक दृष्टिकोन मी मुलांना शिकवतो तो असा.

गावच्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. मी स्वतः त्याला शहापूरला घेऊन गेलो, याची नोंद व्हावी. तिथली मशीन बाजूंनी उघडी होती. बोगद्यात जावं लागणार नाही म्हणून भाऊ खूश. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: मेंदूत लक्षणीय दोष दिसत नाही. मला आनंद झाला. भावाला काही नाही म्हणून नव्हे. माझं बरोबर निघालं म्हणून.

"आता बोल," मी म्हणालो.

रविवारी मी त्याला गावदेवीच्या देवळात नेलं, चार माणसांसमोर नारळावर हात ठेवायला लावला, आणि कधीही न प्यालेली दारू पुन्हा कधी पिणार नाही, अशी शपथ त्याच्याकडून घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचा भाग मला सांगायला सगळ्यात जड जातो. तो बरा झाला. दोन महिन्यांत चाल सरळ, बोलणं स्वच्छ, डोळा ठीक. समितीनं मला शाल दिली, मी ती घेतली, आणि इच्छाशक्तीवर अर्धा तास बोललो. भाऊ समोर बसून ऐकत होता.

पुढच्या उन्हाळ्यात तो अंगणात पडला. डावा पाय बधिर. शपथ मोडली म्हणून मी त्याच्याशी तीन आठवडे बोललो नाही. तेवढ्यात तो बायकोला घेऊन ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी तीन टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या मशीनवर पुन्हा एमआरआय करून घेतला, आणि पहिल्या वेळचा त्रास जवळून पाहिलेल्या कुणाला तरी घेऊन या म्हणाल्या. मी गेलो. दारूची साक्ष द्यायला.

डॉक्टरबाईंनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी उजेडावर लावल्या. जुन्या फिल्मवर राखाडी धुकं. नवीनवर, त्याच मेंदूत, पाणी भरलेल्या पोकळ्यांच्या कडेनं, लांबट पांढरे ठिपके. मी मोजले. नऊ.

"सर, तुम्ही विज्ञान शिकवता ना?" बाई म्हणाल्या. "जुन्या मशीनचं चुंबक ह्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं. चुंबक जोरदार असलं की मेंदूतून मिळणारा सिग्नल वाढतो, चित्र बारीक निघतं. एवढे छोटे डाग कमी ताकदीच्या चित्रात बुडून जातात."

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच मेंदूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते. ते डाग म्हणजे हल्ल्याच्या जागा; उन्हानं अंग तापलं की त्रास वाढतो. पुष्कळांना तो झटक्याझटक्यानं येतो, आपोआप ओसरतो, पुन्हा येतो.

"म्हंजे घरचेच मारतात," भाऊ म्हणाला. फिल्मकडेच बघत होता.

आपोआप ओसरतो. माझी शाल, माझा अर्धा तास.

"मग पहिला रिपोर्ट चुकीचा होता?" मी विचारलं. मोठ्या आशेनं विचारलं.

बाईंनी तो जुना कागद उलटला आणि मागची शेवटची ओळ वाचून दाखवली: कमी क्षमतेच्या मशीनवर लहान बदल दिसले नसण्याची शक्यता आहे, त्रास सुरू राहिल्यास उच्च क्षमतेच्या मशीनवर तपासणी करावी.

"हे वाचलं नव्हतं?"

प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे मी मार्क कापतो. दर वर्षी, न चुकता.

"ह्या मशीनवरही सगळं दिसतं असं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून आम्ही आधी पेशंटचं ऐकतो."

वर्षभर आधी औषध सुरू झालं असतं तर पाय वाचला असता का, असं मी विचारलं. सांगता येणार नाही, म्हणाल्या. हे उत्तर त्यांनी दयेनं दिलं की खरं म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

गावात मी समितीसमोर उभं राहून सगळं सांगितलं. लोक म्हणाले, "आमाला ठावंच होतं मास्तर, तो कधी प्याला नाय." टाळ्या वाजवताना त्यांनी ते मनात ठेवलं होतं.

आता औषधासाठी ठाण्याला त्याला मीच नेतो. परवा परतताना टोकावड्याला एसटीतून उतरलो. ऊन चढलेलं, त्याचा डावा पाय घासत होता, माझा हात त्याच्या कमरेला. नाक्यावरचा हॉटेलवाला हसत म्हणाला, "काय मास्तर, दोघं भाऊ दुपारीच?"

माझं भाषण तयार होतं. आजाराच्या नावापासून मी सुरुवातही करणार होतो. भावानं माझा दंड दाबला.

"दादाला जरा जास्त झाली रे," तो म्हणाला. "मी नेतो त्याला घरी."

बाकावरची माणसं हसली. कानापर्यंत तापलो मी. तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याचं अर्धं ओझं अंगावर घेऊन मला काही सरळ चालता येत नव्हतं.

"हळू रे दादा," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघून टाक पाय."