पायलीमिस्त्रींचा बंद डबा

धान्य मोजायची पायली आमच्या शहापुरात आता बहुतेक घरांत माळ्यावर जाऊन पडली आहे. वापरातली पायली मी शेवटची पाहिली ती गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या एका मिस्त्रींकडे. मुरबाड रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. गाडीच्या डिकीत धडधड वाजणारा मोठा स्पीकर बसवतात ना, त्याला लाकडी डबा लागतो. मिस्त्री तो डबा करायचे आणि त्याच्या पोटात नेमकी किती जागा झाली हे बघायला त्यात भात ओतायचे. पायलीने, काठोकाठ, वरून तळहात फिरवून. स्पीकरबरोबरच्या कागदावर ती जागा लिटरमध्ये लिहिलेली असते. मिस्त्रींनी आसनगाव स्टेशनवरून आणलेली लिटरची पाण्याची बाटली भाताने भरून भरून एका पायलीत किती लिटर, हा मेळ एकदाच काय तो बसवला होता. "बाई, आत आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, कोपरे असतात. टेप फसवते, भात फसवत नाय," असं ते म्हणायचे. सगळे त्यांना पायलीमिस्त्रीच म्हणत.

दुसरी खोड प्रश्नांची. गिऱ्हाईक आलं की आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. गाडीत काय ऐकता, मागे कोण बसतं आणि डिकीत काय नेता, हे तिन्ही सांगितल्याशिवाय करवत हातात घेत नसत. खर्डीचा एक भेंडीवाला मोठ्या हौसेने आला होता. भावाच्या गाडीसारखाच मोठा डबा पाहिजे म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "आनि भेंडीचे क्रेट काय डोक्यावर नेनार?" त्याला त्यांनी सीटखाली मावणारा चपटा डबा करून दिला. आवाज बेताचा, पण डिकी मोकळी. पुढे तो वर्षभर भेंडी आणून देत होता आणि मिस्त्रींच्या घरचे भेंडीला कंटाळले होते.

डबा तयार झाला की ते उदबत्ती लावायचे. एक बाई पहिल्यांदा आल्या होत्या, त्यांनी चपला काढून हात जोडले. स्पीकरचा पडदा आतबाहेर हलवत मिस्त्रींनी उदबत्ती प्रत्येक सांध्यापाशी फिरवली. धूर सरळ वर गेला तर सांधा पक्का, थरथरला तर तिथून हवा निसटतेय. मग त्यांनी बाईंना सांगितलं, "झाली पूजा, आता चपला घाला."

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या वडिलांमुळे. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. तरुणपणी त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला गावोगाव भीमगीतं म्हणत फिरायचे. ढोलकीवर काशिनाथमामा, माझ्या आईचा भाऊ. मामा आता नाहीत. राहिली एक कॅसेट, कुठल्याशा जयंतीला कुणीतरी भरलेली. ती मी पेन ड्राइव्हवर करून घेतली तोवर दादांचे कान बरेचसे गेले होते. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं की बारीक आवाज आधी जातात, जाडे मागे राहतात, पण तेही किती दिवस ते सांगता येत नाही. म्हणजे दादांना स्वतःचं गाणं आता नीट कळणार नव्हतं, ढोलकीचा धुमा, ती जाड आवाजाची बाजू, तेवढा कळला असता. तोही जायच्या आत त्यांना मामांची ढोलकी एकदा ऐकवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून मी मिस्त्रींकडे गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, गाडी जुनी घेतलेली आणि राग कायम नाकावर.

मिस्त्रींनी विचारलं, "बाई, गाडीत काय ऐकता?"

मी म्हटलं, "गाणी. तुम्हाला काय करायचंय? माझ्या भाच्याच्या गाडीत आहे तसा भोकाचा डबा करा, मोठ्या आवाजाचा."

खरं सांगायचं तर वडिलांचं दुखणं रस्त्यावरच्या दुकानात काढायची मला लाज वाटली. आणि बहिऱ्या माणसाला आवाज मोठा लागतो, हे काय कुणी शिकवायला हवं?

त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच उत्तर दिलं. शेवटी ते म्हणाले, "तुमी म्हनता तसं. भोक ठेवलं की आतली हवा पन जोर लावते, आवाज मोठा येतो. डीजेच्या गान्याला तोच बरा. पन तुमी डीजे ऐकनाऱ्या दिसत नाय." चौथ्या दिवशी डबा बसला. इतका दणका की आरशातलं मागचं दृश्य थरथरायला लागलं. मी खूश.

रविवारी दादांना पुढच्या सीटवर बसवलं आणि रेकॉर्डिंग लावलं. दादा मान वाकडी करून ऐकत राहिले. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मग म्हणाले, "ह्यो कोन बडवतोय?"

"काशिनाथमामा," मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"काशिनाथ नाय ह्यो. काशिनाथचा हात असा लोळत नव्हता." आणि त्यांनी स्वतःच बटण दाबून बंद केलं.

मला फार वाईट वाटलं. त्यांच्याकडे ऐकायचे थोडे दिवस उरले होते आणि त्यांतला एक मी वाया घालवला होता. पण स्वतःवर रागावण्यापेक्षा दुसऱ्यावर रागावणं सोपं, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक मिस्त्रींवर जाऊन धडकले. तुमचा डबा बिघडलाय म्हणाले, बरंच काही म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि परत तोच प्रश्न केला. "बाई, गाडीत काय ऐकता?"

या खेपेला सांगितलं. कॅसेट, मामा, दादांचे कान, सगळं. सांगताना मला रडू आलं. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले नाहीत, हे बरं केलं. ते गाडीत मागे जाऊन बसले आणि अख्खं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं.

उतरले तेव्हा आधी म्हणाले, "हात चांगला होता मामांचा." मग मला समजावलं, पहिलीच्या पोराला समजवावं तसं. भोकाच्या डब्यात ठोका पडून गेला तरी आवाज मागे रेंगाळतो. डीजेच्या गाण्यात ते खपतं. ढोलकीत दोन ठोक्यांमधली जागा भरून जाते आणि मग कुणाचाही हात सारखाच लागतो. बंद डब्यात आवाज कमी, पण आतली हवा पडद्याला लगेच मागे ओढते, ठोका पडला की तिथेच संपतो. "तुमाला मोठा आवाज नाय पायजे. तुमाला मामा पायजे," ते म्हणाले. मी आधीच खरं बोलले असते तर हे आधीच झालं असतं, हे मात्र त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीच ते मनात दहादा म्हटलं.

नवा डबा लहान होता, पूर्ण बंद. या खेपेला मीच पायली धरली. सांध्यांपाशी धूर सरळ वर गेला. रविवारी दादांना बसवलं. पहिलं कडवं संपायच्या आत त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. "ह्यो काशिनाथ," ते म्हणाले. त्या दिवशी आम्ही किन्हवलीपर्यंत जाऊन आलो आणि येताना पुन्हा सगळं पहिल्यापासून लावलं. पुढे दीड वर्ष दर रविवारी हाच कार्यक्रम होता. जाताना कधी दुकानापाशी गाडी थांबवली की मिस्त्री नुसता हात वर करायचे.

मग रस्ता रुंद व्हायला लागला, दुकान जाणार हे नक्की झालं. मिस्त्रींनी सिद्धगडाखालच्या आपल्या गावी भावाबरोबर शेती करायचं ठरवलं. त्याच पावसाळ्यात दादांचे उरलेसुरले कानही गेले. रेकॉर्डिंग लावलं तरी ते खिडकीबाहेर बघत बसायचे. मला ते बघवेना. मी मिस्त्रींना फोन केला. म्हटलं, तुम्ही जायच्या आत डबा काढून न्या, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ते आले, पेचकस घेऊन. दादा ओट्यावर बसले होते. मिस्त्रींनी डिकी उघडली, पेचकस टेकवला आणि थांबले. मग जाऊन दादांना हाताला धरून आणलं, डिकीच्या काठावर बसवलं आणि त्यांचा उजवा तळहात डब्यावर ठेवला, स्पीकरच्या अगदी कडेला. मला म्हणाले, "लावा."

मी लावलं. दादा जरा दचकले. मग त्यांनी दुसरा हातही डब्यावर ठेवला आणि डोळे मिटले. गाणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, शब्द नाहीत, पेटी नाही, कोरस नाही. राहिली होती एकटी ढोलकी. तिसऱ्या गाण्यात मधेच त्यांनी डोळे उघडले आणि मोठ्याने हसले, बहिरी माणसं हसतात तसे, शेजारच्यांना ऐकू जाईल इतके.

"इथं चुकला," ते म्हणाले. "काशिनाथ इथं चुकला. मी तवाच बोललो होतो त्याला, जलमभर नाय म्हनत राह्यला."

मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं असेल. मला चूक कधी कळली नव्हती. अजूनही कळत नाही. दादांनी मात्र मला गाणं मागे घ्यायला लावलं आणि त्याच जागी बोट वर केलं.

मिस्त्रींनी पेचकस खिशात घातला. "बाई, डबा मी काढत नाय," ते म्हणाले, "दोघांचं भांडन अजून चालू हाय."