तिसऱ्या राऊंडचे नऊ

दुपारचे दोन वाजलेत. बॉक्सिंगच्या संध्याकाळच्या लढती साडेचारला सुरू होतील, म्हणून जेवून मी लॉजच्या खोलीत येऊन पडले आहे. पंचांची पांढरी पॅन्ट खुर्चीवर घडी घालून ठेवली आहे. पंख्याचा वारा एकाच कुशीला लागतो. डोळे मिटले की निळं हेल्मेट दिसतं, उघडले की छताचा पोपडा दिसतो. असं तीन-चारदा होतं. मग एकदा डोळे उघडे असूनही निळंच दिसतं आणि पंख्याचा आवाज लांब कुठेतरी जाऊन फिरायला लागतो.

शेजारच्या कॉटवर प्रमिला बसली आहे.

प्रमिला गवई जाऊन चार वर्षं झाली. कावीळ अंगावर काढली आणि दवाखान्यात नेल्यावर आठ दिवसांत संपली. हे मला स्वप्नातही ठाऊक आहे, तरी ती इथे बसलेली बघून आश्चर्य वाटत नाही. पहिला विचार येतो तो तिच्या खांद्यांचा. मला पंचेचाळीस पुरी झाली, गुडघे बोलायला लागले, हनुवटीखाली कातडी सुटली. ही मात्र तेविसाव्या वर्षाचे खांदे घेऊन आली आहे. मेल्यावरही ही माझ्यापेक्षा चांगली दिसते. असा विचार करणं बरं नाही, पण आला खरा.

ती हाताला पट्टी गुंडाळते आहे. अंगठ्यातून एक फेरा, मनगटाला तीन, मग बोटांच्या फटींतून. आम्ही दोघी अकोल्याला एकाच सरांच्या हाताखाली शिकलो. एकच आरसा, एकच वाळूची बॅग. सर मला म्हणायचे, सुनंदा मेहनती आहे. तिला काही म्हणायचे नाहीत, नुसते बघत उभे राहायचे.

राज्य स्पर्धेच्या फायनलला आम्ही दोघी समोरासमोर आलो. पाचांपैकी तीन पंचांनी तिला दिलं, दोघांनी मला. ती राष्ट्रीय स्पर्धेला गेली, पोलिसात लागली. मी शाळेत पी.टी. शिकवायला लागले आणि पुढे पंचाची परीक्षा दिली. त्या फायनलला बावीस वर्षं झाली. पंच तिच्या हसण्याला भुलले, हे मी इतक्यांदा स्वतःला सांगितलं आहे की ते वाक्य आता पाठ आहे. प्रत्येक राऊंडला ती कोपऱ्यातून दोन उड्या मारत, हसत बाहेर यायची. जणू कोणी तिला खेळायला बोलावलंय. तिच्या शोकसभेलाही मी गेले होते. मागच्या रांगेत बसून माणसं मोजली. दोनशे चाळीसपर्यंत मोजली, मग थांबले.

"कशी खेळली वं माही पोरगी?" प्रमिला विचारते.

तिची मुलगी श्रावस्ती सतरा वर्षांची आहे. आज सकाळी तिची सेमीफायनल झाली, आणि पाच पंचांत मी होते. मुलीच्या आईला मी ओळखत होते, हे आधी सांगून मी बाजूला व्हायला हवं होतं. नियम तसाच आहे. मी सांगितलं नाही. मला त्या खुर्चीवर बसायचंच होतं.

"हरली," मी म्हणते.

"ते मले ठाऊक हाय. कशी खेळली, ते इचारून राह्यली मी. तू तं जवळच होती."

कॉटच्या कडेला मी हात टेकते तर हाताला रिंगचा दोर लागतो. आम्ही अकोल्याच्या जुन्या हॉलमध्ये आहोत. पत्र्यातून उन्हाच्या सळया खाली आल्या आहेत. वाळूच्या बॅगा हलत आहेत, पण त्यांना कोणी मारत नाही. प्रमिला दुसरी पट्टी माझ्याकडे देते आणि हात पुढे करते. मी तिला गुंडाळून द्यायला लागते. हात गरम आहे.

मी सांगायला लागते. श्रावस्ती निळ्या कोपऱ्यात होती. लाल कोपऱ्यातली मुलगी तिच्यापेक्षा वीतभर उंच. पहिल्या राऊंडला श्रावस्तीला अंतर सापडलं नाही. जवळ जायची तोवर मार खायची. तो राऊंड लालचा, त्यात वाद नाही. जिंकणारीला दहा, हरणारीला नऊ. राऊंड बरोबरीत सोडता येत नाही, कोणाला तरी नऊ द्यावेच लागतात. दुसऱ्या राऊंडला ती खाली वाकून आत शिरली आणि पोटावर मारत राहिली. तो तिचा.

प्रमिला ऐकताना तोंड उघडं ठेवते. पाणी पिताना लहान मुलं ठेवतात तसं. ती मध्येच थांबवते आणि परत सांगायला लावते. वाकली तेव्हा कोणता पाय पुढे होता? नजर कुठे होती? मार खाल्ल्यावर मागे सरली की जागेवर राहिली? मला सगळं आठवतं. पंचाला आठवतंच, तेच काम आहे. पण हे सगळं मी तिला देते आहे याचा मला राग येतो. तिच्याकडे आधीच इतकं होतं.

"अन् तिसरा?"

आता आम्ही बस स्टँडवर आहोत. फलाटावर रिंग बांधली आहे आणि बाकांवर बोचकी घेऊन बसलेली माणसं तिकडे बघताहेत. गाडी लागल्याची घोषणा होते, पण कुठे जाणारी ते ऐकू येत नाही. रिंगमध्ये दोन मुली आहेत, निळी आणि लाल. त्यांना चेहरे नाहीत. मी बोलते तशा त्या हलतात, मी थांबले की थांबतात.

मी सांगते, की तिसऱ्या राऊंडला लाल जोरात आली, एकामागे एक मोठे फटके मारले, अख्खा हॉल ओरडला.

"गालावर लागले का हातावर?"

 मुली थांबतात.

नव्या पंचांना मी हेच शिकवते. कान बंद ठेवा. हातावर बसलेला फटका मोठा वाजतो आणि त्याला काही किंमत नसते. गालावर मुठीच्या पुढच्या भागाने नेमका बसलेला फटका पुष्कळदा वाजतही नाही. कोपऱ्यातले लोक ओरडतात, प्रेक्षक ओरडतात, ते मोजू नका. कोणाची उभं राहण्याची ढब आवडली, कोणाचं नाव मोठं आहे, ते मोजू नका. लागलेलं मोजा. शिबिरात हे सांगताना माझा आवाज किती स्वच्छ असतो.

"हातावर," मी म्हणते.

"सारे?"

"बहुतेक सारे."

"अन् माह्या पोरीचे?"

मग मी एकेक सांगते. डावा सरळ, कपाळावर. डावा पुन्हा, नाकावर. उजवा बरगडीखाली. मी सांगते तशी निळी मुलगी मारते, आणि एकही फटका वाजत नाही. बाकांवरच्या बायका पदर सावरून पुढे वाकतात. सांगता सांगता माझ्याही नकळत मी मोजायला लागते. दोन्ही बाजू मोजते. सकाळी मोजायला हवं होतं तसं. राऊंड संपतो तेव्हा लाल मुलीचे अकरा झालेले असतात आणि निळीचे सोळा.

"मंग दहा कोणाले देल्ले तुनं?"

"लालले."

बाकीच्या चार पंचांत दोघं लालकडे होते, दोघं निळ्याकडे. गुणांचं पाचवं कार्ड माझं. हे मी तिला सांगत नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून तिला कळलेलं आहे.

"काऊन?"

मी पट्टीचं टोक खोचते. ते नीट खोचलेलं असतं, तरी परत काढून खोचते.

"तुही पोरगी हासली," मी म्हणते. "तिसऱ्या राऊंडले कोपऱ्यातून बाहीर आली अन् हासली. दोन उड्या मारल्या. तुह्यासारख्या. मंग मले पुढचं दिसलंच नाही."

मला वाटतं ती आता मारेल. मारावं असं वाटतं. पण ती नुसती हात बघते, मी बांधलेला. मला राहवत नाही आणि मी ते विचारते. बावीस वर्षं मी तिला हे विचारलं नाही. लग्नात भेटली तेव्हा नाही, दवाखान्यात शेवटचं बघायला गेले तेव्हाही नाही.

"आपल्या फायनलले मी जिकली होती ना?"

"नाही."

ती हे इतक्या सहज म्हणते की मला आधी कळतच नाही.

"हरली होती तू. शेवटच्या राऊंडले तुहा उजवा हात खाली आलता. मी चार मारले तवा तुनं एक मारला. तुले मालूम नाही?"

मला मालूम आहे. हात खाली आला तेव्हा खांद्यात कळ गेली होती, ती आत्ताही जाते. तीन पंचांनी बरोबर दिलं होतं. मला देणारे दोघं चुकले होते, आणि त्या दोघांची नावं मी देवासारखी जपली आहेत.

रिंग रिकामी आहे. बस स्टँडवरची माणसं गाडीत बसून गेली आहेत. आम्ही पंचांच्या टेबलाशी आहोत, सकाळच्याच हॉलमध्ये, आणि माझ्या खुर्चीवर प्रमिला बसली आहे. मी मागे उभी. तिथून रिंग किती जवळ दिसते हे ती हात लांब करून बघते. बोटं दोराला लागतात.

"इतकी जवळ," ती म्हणते.

मी माफी मागायला तोंड उघडते. ती मान हलवते, तिला ते नको आहे.

"तुले वाटते तू एकटीच जळते," ती म्हणते. माझ्याकडे न बघता, रिकाम्या रिंगकडे बघून. "मी गेल्यावर तिनं हातात ग्लोव्हज घातले. मले तिचा एक राऊंड पाहाले नाही भेटला. तू इथं बसली होती, सुनंदे. हातभरावर. तिचा घाम उडत असन तुह्या कागदावर. अन् तुनं पाह्यलं नाही. माहा जीव जळते तुह्यावर."

हे तिने म्हणावं, माझ्यावर, असं मला आयुष्यभर हवं होतं. प्रमिला गवईला माझा हेवा वाटावा. आता तो वाटतो आहे, आणि मला तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

"अजून एकदा सांग," ती म्हणते. "दुसऱ्या राऊंडपासून. हळू सांग."

मी सांगते. हळू सांगते. किती वेळ ते ठाऊक नाही. मध्ये केव्हातरी ती माझा हात हातात घेते आणि प्रत्येक फटक्याला तळव्यावर काहीतरी टोचतं. मी थांबत नाही. उन्हाच्या सळया बारीक होत जातात आणि पंखा जवळ येतो.

मी जागी होते. साडेतीन वाजलेत. शेजारच्या कॉटवरची चादर ताणलेली आहे, तिच्यावर कोणी बसल्याची एक सुरकुतीही नाही. तोंड धुवायला मी बेसिनशी जाते, नळ सोडते आणि हात पुढे करते.

डाव्या तळव्यावर निळ्या शाईच्या रेघा आहेत. दोन ओळी. चार उभ्या, एक आडवी, अशा पाच-पाचच्या जुड्या. वरच्या ओळीत तीन जुड्या आणि एक रेघ. खालच्या ओळीत दोन जुड्या आणि एक रेघ. सोळा आणि अकरा. माझं पेन पर्समध्ये आहे, पर्सची चेन लावलेली आहे, आणि पर्स कपाटात.

मी नळ बंद करते.

सकाळचा निकाल बदलणार नाही, ते मला ठाऊक आहे. मुख्य पंचांना मी जे सांगणार आहे त्याने पुढच्या महिन्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या यादीतलं माझं नाव तेवढं जाईल. कदाचित कायमचं जाईल. पण त्यांच्याकडे नंतर. अकोल्याच्या मुलींची गाडी चारला निघते. सामान घेऊन त्या हॉलच्या पायऱ्यांवर बसल्या असतील. त्यातल्या एकीला बाजूला घेऊन मला तिचा तिसरा राऊंड सांगायचा आहे, आणि मी तो कसा बघितला नाही तेही.

पांढरी पॅन्ट खुर्चीवरच राहते. घरच्या साडीवरच मी खोलीला कुलूप लावते आणि जिना उतरते. मूठ मिटली तर घामाने रेघा पुसतील, म्हणून डावा हात अंगापासून लांब धरून, उघडा.