आधी पोट आत जाऊ दे

पहिलवानकी सुटते, खुराक सुटत नाही. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथल्या कुठल्याही पेठेत सकाळी जरा वेळ उभे राहा. कान मोडलेला आणि पोट गुडघ्यांकडे निघालेला एखादा तरी माणूस दिसतोच. मंगळवार पेठेत बरीच वर्षं तो माणूस मी होतो.

पंचविशीत माझा गुडघा गेला आणि कुस्ती संपली. साखर कारखान्यात नोकरी लागली, खुर्ची मिळाली. जोर-बैठका एका दिवसात बंद झाल्या. पण तांब्याभर दूध, वाटलेले बदाम, भाकरीवर तुपाची धार आणि रविवारचं मटण यातलं काही बंद झालं नाही. आई म्हणायची, खुराक तोडला की अंग उतरतं. मलाही ते पटायचं, कारण ते पटवून घेण्यात माझाच फायदा होता. बायको चंदगडची, घरी भात-कालवण खाऊन वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी माझ्यासमोरचं पातेलं बघून तिनं विचारलं होतं, "अजून कोण जेवायचं हाय?" मी म्हटलं, कोणी नाही.

माझ्या तालमीतल्या जोडीदाराची गोष्टही तीच. तो नेसरीचा. मिसरूड फुटायच्या आत वळकटी घेऊन तालमीत राहायला आला आणि कोल्हापूरचाच झाला. आमचं वजन सारखं, उंची सारखी. म्हणून वस्ताद रोज पहाटे आम्हा दोघांचीच जोड लावायचे. वर्षानुवर्षं एकमेकांचा घाम एकमेकांच्या अंगाला लागला. भावाचं अंग मला इतकं माहीत नव्हतं जितकं त्याचं. कुस्ती सुटल्यावर त्यानं म्हशी घेतल्या, दुधाचा धंदा टाकला आणि माझ्यासारखाच गोल झाला. संध्याकाळी मोटरसायकलला किटल्या अडकवून तो आमच्याकडे दूध घालायला यायचा. दारात दोन ढोल उभे असल्यासारखे आम्ही बोलत उभे राहायचो आणि बायको आतून हसायची.

पन्नाशीनंतर एका संध्याकाळी तो म्हणाला, "मर्दा, उद्यापासनं तालमीत जायला लागतोय. तू बी चल."

"कुस्ती खेळणार ह्या वयात?"

"कुस्ती न्हाई लगेच. माती उकरू. पोरं वरवर उकरत्यात. खोरं मारलं की घाम येतोय, तेवढं बास. आनि अंग जरा हलकं झालं की एकदा आपली जोड लावू. शेवटची. बघायला कोण नको."

मला ते फार आवडलं. अजूनही आठवतं, ऐकताना माझे तळहात शिवशिवले होते. पण तालमीत जायचं म्हणजे शर्ट काढायचा. ज्या मातीच्या हौदात पेठेनं मला लांग लावून लढताना बघितलं होतं, तिथं हे पोट घेऊन उतरायचं? मी म्हटलं, "येतो की. आधी जरा पोट आत जाऊ दे."

तिथून माझी डाएटं सुरू झाली. कोबीचं सूप झालं. पावडरीचा डबा झाला. कारखान्यातल्या एकानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला म्हणून अर्धा दिवस उपाशी राहण्याचंही झालं. मी जे करायचो ते पहिलवानासारखंच, म्हणजे जीव खाऊन. महिनाभरात गाल बसायचे, पँट ढिली व्हायची आणि मी पेठेतून छाती काढून फिरायचो. या काळात घरात मात्र कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. "उपास तुमी करताय आनि शिव्या आमी खातोय," बायको म्हणायची. मग एखादं लग्न, नाहीतर एखादी म्हाई, म्हणजे देवीच्या नावाचं मटणाचं जेवण, यायची आणि पांढऱ्या रश्श्याच्या पहिल्या वाटीबरोबर सगळं बारगळायचं. गेलेलं वजन परत यायचं आणि येताना सोबत चार पाहुणे घेऊन यायचं. नव्याचे नऊ दिवस, एवढंच काय ते.

तो मात्र रोज पहाटे जात राहिला. शर्ट काढून, पोटासकट. रोज संध्याकाळी दूध घालताना विचारायचा, "उद्या येतोस?" आणि मी रोज म्हणायचो, अजून थोडं उतरू दे. एकदा तो वैतागला. म्हणाला, "पोट आत गेल्याबिगार तालमीत यायचं न्हाई, आनि तालमीत आल्याबिगार पोट आत जायचं न्हाई. कसं जमायचं ह्ये?" मी हसलो. तोही हसला आणि किटली उचलून गेला.

त्याचं बारीक होणं कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. मी महिन्यात जेवढं उतरवायचो तेवढं त्याला वर्ष लागायचं. मी त्याला चिडवायचो, "गोगलगाय बरी की रं." त्यानं मटण सोडलं नव्हतं, दूध सोडलं नव्हतं. पहाटे उठायचं म्हणून लवकर जेवायचा आणि लवकर झोपायचा. मेहनत जेवढी, तेवढंच ताटात घ्यायचा. एवढंच. दोनेक वर्षांनी एका संध्याकाळी तो मोटरसायकलवरून उतरला आणि मला एकदम त्याचे जुने खांदे दिसले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट. त्या रात्री मी नवं डाएट शोधून काढलं.

मागच्या पावसाळ्यात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेल्या चिखलात त्याची मोटरसायकल घसरली. किटल्या अंगावर पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, काठीनं चालाल, पण जड उचलायचं नाही, कुस्ती-बिस्ती तर विसराच. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो छताकडे बघत पडला होता. मला वाटलं धंद्याचं, म्हशींचं काही बोलेल. म्हणाला, "माती घट्ट होत असंल. माझ्या जागी तेवढी उकरून येत जा."

त्याला नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालमीत गेलो, शर्ट घालून. तेल-ताक प्यालेल्या त्या तांबड्या मातीचा वास नाकात गेला आणि मला रडूच आलं. खोरं हातात घेतलं. थोड्याच वेळात धाप लागली, शर्ट अंगाला चिकटला. शेवटी वैतागून तो काढून खुंटीला टाकला आणि कोण हसतंय म्हणून मागं बघितलं. कोणी बघतच नव्हतं. पोरं आपापल्या मेहनतीत होती. एकानं फक्त "वस्ताद, जरा सरका" म्हटलं आणि तो दोरावर चढला. ज्यांच्या हसण्याला भिऊन मी इतकी वर्षं बाहेर थांबलो होतो, त्यातलं तिथं कोणीच नव्हतं.

मग मी जातच राहिलो. वजन उतरवायला नव्हे, त्याची माती उकरायला. पहाटे उठायचं म्हणजे रात्री लवकर जेवणं आलं. लवकर जेवायचं म्हणजे आठनंतरचं पातेलं आपोआप मागं पडलं. दूध एका पेल्यावर आलं. रविवारी मटण असतंच, पण दुसरी वाटी घेताना उद्याची माती आठवते. घरात कुणी शिव्या खात नाही. कधीतरी बायकोनं न बोलता माझ्या पँटी शिंप्याकडे नेल्या. महिन्यांमागून महिने गेले, परत काही आलं नाही. हे इतकं सोपं होतं याचा मला अजून राग येतो. अवघड असतं तर निदान म्हणता आलं असतं की जमण्यासारखं नव्हतं.

परवा मी तालमीतून परस्पर त्याच्याकडे गेलो. त्यानंच सांगितलं होतं म्हणून रुमालात मूठभर माती बांधून नेली होती. तो बाहेरच्या सोप्यात पलंगावर बसला होता, शेजारी वॉकर. पाय बारीक झालेत त्याचे. रुमाल सोडून त्यानं माती नाकाशी नेली. मग म्हणाला, "शर्ट काढ."

मी काढला. लढतीआधी लावायचो तशी त्यानं चिमूटभर माती माझ्या खांद्यावर चोळली, दंडावर चोळली. मग सलामीला घेतात तसा माझा हात हातात घेतला आणि दुसरा हात माझ्या मानेवर टाकला. पकड तीच होती. माझा डावा पाय आपसूक मागं गेला आणि मी वाट बघत राहिलो की आता तो झुकेल, आता खेचेल. तो झुकला नाही. मानेवर हात ठेवून माझं वजन अजमावत राहिला.

"आता झालास बघ जोडीचा," तो म्हणाला.

ही एक जोड लावायला मी दहाएक वर्षं पोट आत जायची वाट बघितली. पोट आत गेलं. वरातीमागून घोडं यावं तसा मी त्याच्या पलंगापुढं उघड्या अंगानं उभा होतो.

आतून त्याच्या बायकोनं हाक मारली, "अवो, चा झालाय, आत या." त्यानं माझी मान सोडली. मी शर्ट चढवला, त्याचा वॉकर त्याच्यापुढं सरकवला आणि तो उठेपर्यंत धरून उभा राहिलो.