अर्ध्या पानाची पावती

माणूस गेला की त्याचे किस्से घरी यायला लागतात. अण्णा गेले त्या आठवड्यात भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "एकदा काय झालं, सर..."

अण्णा, म्हणजे माझे वडील, इतिहास संशोधक. जिल्हाभरातून लोक मोडीतले कागद घेऊन कोल्हापूरला आमच्या घरी यायचे.

एकदा आजऱ्याहून एक कुटुंब जीप भरून आलं. मूळ पुरुषानं लढाई गाजवल्याचा कागद होता म्हणे. गावात सत्काराचा बोर्डही लागला होता! अण्णांनी कागद वाचला.

"पावणं, तुमचा मूळ पुरुष लढाईतून पळाला होता."

"नीट वाचा की सर!"

अण्णांनी पुन्हा वाचला. "चुकलं माझं. दोनदा पळाला होता."

*

लोकांच्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, अण्णा वाचायला ठेवून घ्यायचे आणि त्याची पावती द्यायचे. कोरा कागद वाया घालवणं त्यांना जमायचं नाही. स्वतःच्या पुस्तकाच्या कच्च्या प्रतीचं पान मधोमध फाडायचं आणि पाठीमागे पावती लिहायची.

आई म्हणायची, "अहो, पुस्तक छापणार आहात की वाटणार?"

"पक्की प्रत आहे की पेटीत!"

*

पुराचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा अण्णा रुमाल माळ्यावर चढवत होते. मी ओरडले, "अण्णा, तुमची पेटी!"

"ती आपली आहे. आधी लोकांचं."

पेटीची पाळी यायच्या आत पाणी आलं. छावणीत कुणीतरी विचारलं, "सर, नुकसान किती?"

"लोकांचं काही नाही."

पूर ओसरल्यावर आईनं पक्की प्रत दोरीवर वाळत घातली. पानं वाळली. शाई गेली होती. तीस वर्षांचं काम, नुसतं निळसर. अण्णांनी पुस्तकाचं नाव पुन्हा काढलं नाही.

*

शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांची स्मरणशक्ती तपासली. "आजोबा, आज वार कुठला?"

"तुमच्याकडं पुरावा काय?"

आम्ही सगळे हसलो.

दुसऱ्या दिवशी नर्सनं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "ह्या कोण?" अण्णांनी चष्मा लावला.

"चेहरा ओळखीचा वाटतो. पण नावापुढं प्रश्नचिन्ह टाका."

*

अण्णा गेल्यावर मी रुमाल परत करायला निघाले. रुमाल द्यायचा, पावती परत घ्यायची, हा त्यांचाच शिरस्ता. पहिली पावती कबनूरला मिळाली. सहज उलटी केली, तर मागे पुस्तकाचं अर्धं पान! कच्ची प्रत अशीच गावोगाव वाटली गेली होती. त्यानंतर एकही पावती मी सोडली नाही.

शेवटचा रुमाल चंदगडच्या एका शेतकऱ्याचा. यष्टीनं गेले. म्हाताऱ्यानं देव्हाऱ्यामागून पावती काढून दिली. वरचं अर्धं पान.

"आणि खालचं?"

"थोरल्या भावाकडं. रुमाल दोघांचा, म्हणून सरांनी पान फाडून दोघांस्नी पावती दिलती. भित्तीपल्याड ऱ्हातोय. पर आमचं बोलणं न्हाय. आणि तो काय द्यायचा न्हाय. पावती म्हंजे त्याचा निम्मा हक्क की!"

मी त्याला पुराची, पुस्तकाची हकिकत सांगितली, रुमाल ओसरीवर ठेवला आणि उठले. म्हाताराही उठला. परसातल्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. तोंड माझ्याकडं, आवाज मात्र चांगलाच मोठा.

"ताई, त्याला सांगा, सर गेलं. त्यांचं पुस्तक पुरात गेलं. खालचं निम्मं पान त्याच्याकडं हाय."

पलीकडं कोंबड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

मग भिंतीवरून एक हात वर आला. त्यात घडी घातलेला कागद.

"ताई, त्याला सांगा, आयकू आलं."