नाड्याखालची चीर

ब्रेक दगडासारखा कडक झाला तेव्हा आम्ही मांडूच्या घाटात उतारावर होतो. मागे आई-बाबा.

दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेला थांबवली. जुनं इंजिन आठवडाभर गाडी उभी असली की थरथरत होतं, तसंच थरथरत राहिलं.

बॉनेट उघडलं. बारीक सूं-सूं येत होतं. ब्रेककडे जाणाऱ्या रबरी पाइपवर दसरापूजेचा लाल दोरा, नाडा, बांधलेला होता. तो सोडला, तर खाली चीर. चिरेवर बोट दाबलं आणि इंजिनाची थरथर थांबली. हवा तिथूनच शिरत होती, म्हणून ब्रेकला इंजिनाची ओढ मिळत नव्हती.

"मीच आवळला," बाबा म्हणाले. "म्हटलं, रक्षण होईल."

"झालं हो रक्षण! आता मी पैदल जाईन," आई म्हणाली.

तुम्ही नाडा कुठे बांधता?

दुसऱ्या दिवशी सकाळी: नवा पाइप बसला. बाबांनी नाडा आरशाला बांधला.